मिलियन डॉलर हायवेमागची गोष्ट: कोलोरॅडोची चांदी आणि आपला रुपया

विटा-खानापूरकडची बरीच पोरं आता अमेरिकेत आहेत, आणि त्यातलं कुणी कोलोरॅडोला फिरायला गेलं की यूरे ते सिल्व्हर्टन रस्त्याचा, म्हणजे मिलियन डॉलर हायवेचा, व्हिडिओ गावाकडं येतोच. रस्ता आहेच तसा. सॅन वान डोंगररांगेतनं जेमतेम 40 किलोमीटर, मधे 11,018 फुटांवर रेड माउंटन पास, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी, वर बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, कारण हिवाळ्यात बर्फ दरीत ढकलायला कड मोकळी लागते. बघणारा वळणं आणि दरीच बघतो. पण हा रस्ता चांदीसाठी झाला आणि त्या चांदीचा बाजार उठण्यात आपल्या रुपयाचा मोठा हात होता, हे सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या तालुक्यात तरी माहीत पाहिजे.

मुळात ही जमीन यूट या तिथल्या आदिवासी लोकांची. 1868 च्या तहात सरकारनं पश्चिम कोलोरॅडो त्यांचा म्हणून मान्य केला होता, पण डोंगरात धातू सापडायला लागल्यावर 1873 मधे दुसरा करार करून सॅन वानचा भाग काढून घेतला. लगेच 1874 ला सिल्व्हर्टन वसलं. यूरे गावाला ज्या यूट प्रमुखाचं नाव आहे तो 1880 ला वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या माणसांना शेजारच्या युटा राज्यात हाकललं. गावाला नाव त्याचं, आणि त्याच्या लोकांना तिथं जागा नाही, हे मला फार लागतं.

मग रस्ता का लागला? या डोंगरात चांदी मिळते ती शिशाबरोबर खनिजात, शुद्ध लगडी काही निघत नाहीत, त्यामुळं टनांनी दगड खाली भट्टीपर्यंत न्यावा लागायचा आणि तो खेचरं-गाढवांच्या पाठीवरनं न्यायचा म्हटलं की फक्त एकदम भारी कसाचाच माल परवडायचा, बाकीचा तिथंच पडून. 1882 ला रेड माउंटनला यँकी गर्लसारख्या श्रीमंत खाणी लागल्या, त्याच वर्षी ड्युरँगोहून सिल्व्हर्टनला रेल्वे पोचली, आणि आता मधला डोंगर कुणीतरी फोडायचाच होता. तो ऑटो मिअर्सनं फोडला. रशियन साम्राज्यातनं आलेला अनाथ ज्यू पोरगा, यूट भाषा शिकलेला, यूट लोकांशी झालेल्या करारांच्या बोलण्यांतही असलेला, आणि धंदा टोल रस्त्यांचा. 1883 मधे यूरेपासून वरचा रस्ता काढताना माणसं दोरानं कड्यावर सोडून सुरुंगाची भोकं पाडली. टोलनाका ठेवला बेअर क्रीक धबधब्यापाशी, म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, चुकवून जायला वाटच नाही. पुढं सिल्व्हर्टनकडनं त्यानं छोटी रेल्वेही वर चढवली.

आता रुपयाचं. त्या काळी आपला रुपया चांदीचा, एक तोळा वजन, 12 भागांत 11 भाग चांदी. आणि टंकसाळ खुली होती, म्हणजे कुणीही मुंबईला किंवा कलकत्त्याला चांदी नेऊन द्यायची आणि थोडी फी कापून रुपये पाडून घ्यायचे. जगातली चांदी खपवणारी ही केवढी मोठी जागा! पण 1873 नंतर जर्मनीसारखे देश सोन्याकडं वळले, इकडं अमेरिकेतनं चांदीचा लोंढा, त्यामुळं चांदी पडत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही, दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया सव्वा शिलिंगाच्या खाली यायला लागला. इंग्रज सरकारला लंडनचे खर्च सोन्यात भागवायचे होते, त्यांना ते जड जायला लागलं, म्हणून 26 जून 1893 ला टंकसाळी चांदीसाठी बंद केल्या.

काही दिवसांतच चांदीचा भाव कोसळला. जून संपायच्या आत कोलोरॅडोतले खाणवाले आणि भट्टीवाले काम थांबवायला लागले, जुलैत कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर, तिथल्या बँकांना कुलपं लागली. अमेरिकेचं सरकार 1890 च्या कायद्यानं दर महिन्याला 45 लाख औंस चांदी घेत होतं, तोही आधार 1 नोव्हेंबर 1893 ला काढला. अमेरिकेत मंदी आधीच आली होती, सगळं खापर मुंबईवर फोडता येणार नाही, पण जूनचा तो दणका मुंबई-कलकत्त्याचाच. रेड माउंटनची गावं त्यानंतर ओस पडत गेली, यँकी गर्लचा लाकडी सांगाडा अजून रस्त्यावरनं दिसतो.

आणि इकडं काय झालं? खानापूर, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात. शेतकऱ्याची बचत म्हणजे बाईच्या अंगावरची चांदी. टंकसाळ खुली असताना त्या चांदीला रुपयाचा भाव होता, बंद झाल्यावर रुपया सरकारनं वर धरून ठेवला आणि दागिन्यातली चांदी मात्र खालीच राहिली. त्यानंतर 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले, नेमकी मोडायची वेळ तेव्हाच. तिकडचा खाणकामगार आणि इकडची दुष्काळी बाई, दोघांना एकाच निर्णयानं मारलं, पण दोन्हीकडच्या इतिहासात हे एकत्र सांगितलेलं मला फारसं दिसत नाही.

यूरे मात्र सोन्यावर तगलं. 1896 ला थॉमस वॉल्शला जुन्या खाणवाल्यांनी टाकून दिलेल्या दगडात सोनं दिसलं, तीच कँप बर्ड खाण. त्याच्या मुलीनं पुढं होप नावाचा प्रसिद्ध निळा हिरा घेतला, जो कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला मानतात, म्हणजे आपल्या सांगलीवरनं वाहत जाणाऱ्याच नदीच्या काठचा.

टोल रस्त्याचा मोटारीचा हायवे 1924 ला झाला. खाणी रडतखडत चालल्या, सिल्व्हर्टनजवळची शेवटची मोठी खाण 1991 ला बंद पडली. पण खाण बंद झाली तरी आतलं आम्लाचं पाणी थांबत नाही. 5 ऑगस्ट 2015 ला गोल्ड किंग खाणीतनं 30 लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरच्या वर पाणी फुटलं आणि अ‍ॅनिमस नदी पिवळी-केशरी झाली. सफाईसाठी गेलेल्या सरकारी पथकाच्या खोदकामातच ते फुटलं.

कुणी जाणार असेल तर यूरेकडनं सिल्व्हर्टनला निघालं की गाडी दरीच्या कडेनं चालते, ज्याला भीती वाटते त्यानं उलट्या दिशेनं यावं. हिवाळ्यात हिमकडे कोसळतात म्हणून रस्ता अधूनमधून बंद असतो. आणि सिल्व्हर्टनला थोडा जास्त वेळ ठेवा, 1882 ची ती खनिजाची रेल्वे ड्युरँगोपर्यंत अजून चालते, आता प्रवासी घेऊन.