फोर-बाय-फोरमधली दुसरी बॅटरी : आयसोलेटर ते डीसी-डीसी

जुन्या डिझेल लँड क्रूझरचं बॉनेट उघडलं की बऱ्याचदा दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्या दिसतात. गाडी विकणारा बिनदिक्कत सांगतो, "ड्युअल बॅटरी कंपनीनंच दिलीय." तसं काही नसतं. त्या दोन्ही सेल्फसाठीच असतात. काही मॉडेलांत त्या समांतर जोडलेल्या असतात, तर थंड देशांसाठीच्या काही गाड्यांत सेल्फ मारण्यापुरत्या एकीपुढे एक जोडल्या जाऊन २४ व्होल्ट देतात. त्यांच्यावर रात्रभर फ्रिज चालवला तर सकाळी दोन्ही एकदमच बसतात. आपण ज्या व्यवस्थेबद्दल बोलतोय, म्हणजे फ्रिजसारख्या गोष्टींसाठी वेगळी ठेवलेली दुसरी बॅटरी, तिचा अर्थ बरोबर उलटा आहे : दुसरी पार रिकामी झाली तरी पहिलीला त्याचा पत्ताही लागू नये.

ही कल्पना लष्कराला जुनी. ब्रिटिश सैन्याच्या रेडिओ बसवलेल्या लँड रोव्हरमध्ये रेडिओच्या बॅटऱ्या इंजिनाच्या बॅटऱ्यांपासून वेगळ्या असत. पण हौशी माणसाच्या फोर-बाय-फोरमध्ये दुसरी बॅटरी रुळली ती ऑस्ट्रेलियात, आणि रुळली ती फ्रिजमुळे. तिथे आतल्या भागात दोन गावांमध्ये शेकडो किलोमीटर काहीच नाही, आणि बर्फाची पेटी दोन-तीन दिवसांत पाणी होऊन जाते. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज आला आणि प्रश्न उभा राहिला. हा फ्रिज दिवसभराच्या सरासरीनं एक-दोन अँपिअर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त ओढतो. म्हणजे एका मुक्कामात तीस-चाळीस अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर) गेलेच. सेल्फच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिला चार वेळा तळापर्यंत उतरवली की ती गेली. जाड प्लेटांची, सावकाश रिकामी होणारी बॅटरी काय असते हे लोडशेडिंग पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. घरातल्या इन्व्हर्टरखाली तीच बसलेली असते.

दुसरी बॅटरी ठेवायची कुठे, हा प्रश्न एक ट्रे वेल्ड करून सुटतो. खरी भांडणं झाली आणि आजही होतात ती दोघींमधल्या वायरीवरून. त्यातही 'आयसोलेटर', म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांना गरजेप्रमाणे जोडणारं-तोडणारं यंत्र, या एका शब्दानं जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशानं नाही.

सुरुवातीला आयसोलेटर म्हणजे होडीवरून उचललेला हातानं फिरवायचा स्विच. मुक्कामाला पोचल्यावर तो फिरवायला विसरलात की सकाळी धक्का मारा. मग डायोडचे, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे, आयसोलेटर आले. त्यात विसरण्याची भानगड नव्हती, पण डायोड स्वतःच साधारण ०.७ व्होल्ट खातो, म्हणजे दुसरी बॅटरी कायमची अर्धपोटी. त्यानंतर चावीबरोबर लागणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आला. हा इंजिन सुरू व्हायच्या आधीच दोघींना जोडून मोकळा होई, त्यामुळे सेल्फचा करंट मधल्या बारीक वायरीतूनही धावे आणि फ्यूज उडे. शेवटी व्होल्टेज ओळखून आपोआप लागणारा स्विच, म्हणजे रिले, आला. तो साधारण १३.२ व्होल्टला जोडतो आणि १२.७ च्या आसपास तोडतो. चार वेगवेगळी यंत्रं, नाव एकच. आजही कोणी "माझ्याकडे आयसोलेटर आहे" म्हणालं की पहिला प्रश्न 'कुठला?' हाच असतो.

हा रिले मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) इंजिन चालू असेतोवर १४ व्होल्टच्या वर देत राही, त्यामुळे रिलेला फार डोकं लागत नसे. शिवाय रिकाम्या बॅटरीला तो सुरुवातीला भरपूर करंट देतो, आणि पहिली बॅटरी बसलीच तर काही रिले बटण दाबून दुसरीवरून गाडी सुरू करू देतात.

बिघडलं ते अल्टरनेटरकडून. आधी काही टोयोटांमध्ये तापमान पाहणारे अल्टरनेटर आले. बॉनेट तापलं की व्होल्टेज १३.२ च्या आसपास घसरे आणि मागच्या एजीएम (लेडचीच, पण सीलबंद) बॅटरीला लागणारे १४.४ किंवा जास्त व्होल्ट कधी मिळतच नसत. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी यावर झकास तोड काढली : अल्टरनेटरच्या सेन्सिंग, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या, वायरीचा फ्यूज काढून तिथे डायोड असलेला फ्यूज खोचायचा. अल्टरनेटरला वाटतं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टनं कमी आहे, आणि तो तेवढं वाढवून देतो.

मग धुराचे कडक नियम आले : २००९ नंतर युरोपात युरो-५ आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. धूर कमी करण्याच्या आणि इंधन वाचवण्याच्या धडपडीत 'स्मार्ट', म्हणजे गाडीच्या संगणकाच्या हुकमानं व्होल्टेज कमी-जास्त करणारे, अल्टरनेटरही फोफावले. असा अल्टरनेटर काय करतो ते ताम्हिणी घाटात एका मित्राच्या गाडीला मीटर लावून पाहिलं. सकाळी पुण्यात गाडी सुरू केली तेव्हा १४.४. मुळशीच्या पुढे सपाट रस्त्यावर १२.६. उतारावर पाय उचलला की १४.८, पुन्हा चढ लागला की १२.५. सीटमागचा रिले सगळा घाटभर टक-टक करत होता. बॅटरी भरत होती ती फक्त उतारावर.

इथे डीसी-डीसी चार्जर आला. आत नऊ व्होल्ट येवोत की पंधरा, बाहेर तो त्या बॅटरीला हवं तेवढंच व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं देतो. लांब वायरीत पडलेलं व्होल्टेजही भरून काढतो, आणि बऱ्याच मॉडेलांत सोलरची वायरही त्यालाच जोडता येते. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, हे मान्य. पण २००५ च्या साध्या अल्टरनेटरच्या जीपलाही तोच लागतो, असं दुकानदार सांगतात तेव्हा कपाळाला आठी पडते. २५ अँपिअरचा चार्जर २५ च्या वर देत नाही. शंभर अँपिअर-अवरची अर्धी उतरलेली बॅटरी भरायला दोन तासांच्या वर गाडी चालवावी लागते. बॅटरी बॉनेटखालीच असेल, गाडी जुनी असेल, तर रिले आणि जाड केबल बास.

नव्या गाड्यांत आणखी एक खोडी असते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असतो, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा. दुसऱ्या बॅटरीची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर थेट त्या टर्मिनलवर आवळली की तिचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा हिशेब बिघडतो. अर्थिंग घ्यायचं ते चासीवरून.

लिथियमनं तर रिले की डीसी-डीसी या वादाचा निकालच लावलाय म्हणतात. शंभर अँपिअर-अवरची लेडची बॅटरी तीस किलोच्या आसपास, लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा-तेरा. वर लेडची निम्मीच वापरावी, ही जवळजवळ सगळी वापरता येते. पण ती साध्या रिलेवर टाकली तर इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, आणि बॉनेटखालची उष्णताही तिला सोसत नाही. म्हणून ती केबिनमध्ये आली, सीटमागे. तिथेही हिमाचलातल्या स्पीतीत हिवाळ्यात रात्रभर गाडी उघड्यावर राहिली की सेलचं तापमान शून्याखाली जातं. मग डिस्चार्ज होतो, फ्रिज चालतो, पण बऱ्याच बॅटऱ्यांत आतलंच सर्किट चार्जिंग अडवून धरतं. हीटर लावून केबिन तापेपर्यंत चार्जर नुसता बसून असतो.