मदतनीस श्वानासाठी तयारी: ग्रामीण विदर्भातील दिव्यांगांकरिता पात्रता, कागदपत्रे आणि प्रशिक्षण

दिव्यांग व्यक्तीसाठी प्रशिक्षित कुत्रा मिळवण्याचा छापील अर्ज तहसील कार्यालयात किंवा पंचायत समितीत मिळत नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. मात्र मदतनीस श्वानाच्या नोंदणीची पद्धत त्यात दिलेली नाही. त्यामुळे कुत्रा प्रशिक्षण संस्थेकडून घ्यायचा असो की घरच्याच कुत्र्याला शिकवून घ्यायचे असो, व्यक्तीच्या दिव्यांगत्वाचा पुरावा आणि कुत्र्याच्या आरोग्याची नोंद अशी दोन्ही कागदपत्रे कुटुंबालाच जमवावी लागतात.

पहिला कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजेच दिव्यांग व्यक्तीचे विशिष्ट ओळखपत्र. त्याचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो आणि गावातील किंवा जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातून तो भरून घेता येतो. आधार कार्ड, अलीकडचा फोटो, रहिवासाचा पुरावा, सही किंवा अंगठा, आणि पूर्वीचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र असल्यास तेही सोबत न्यावे. अर्जदार अल्पवयीन असेल तर पालकाने अर्ज करावा. त्यानंतर नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. जुन्या उपचारांचे कागद घरी राहिले म्हणून गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या आतल्या गावातून आलेल्या माणसाची दिवसभराची मजुरी आणि एसटीचे भाडे वाया जाऊ नये, यासाठी सर्व कागद आदल्या रात्रीच एका पिशवीत घालून ठेवावेत. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्वासाठी पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या आत असल्यास पिवळे आणि ८० टक्के वा अधिक असल्यास निळे कार्ड मिळते.

टक्केवारी महत्त्वाची असली, तरी कुत्र्याचा उपयोग होईल की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. अंध व्यक्तीला वाट दाखवणे, कर्णबधिर व्यक्तीला दारावरच्या थापेची जाणीव करून देणे, चाकाच्या खुर्चीतील माणसाला खाली पडलेली वस्तू उचलून देणे, यांपैकी नेमके कोणते काम हवे आहे ते अर्जदाराने एका कागदावर लिहून प्रशिक्षकाला द्यावे. रोजचे खाणे, आंघोळ आणि दवाखाना यांची जबाबदारी घरातील कोणावर राहील, हेही त्यातच नमूद करावे.

कुत्र्याची वेगळी फाइल करावी. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, त्यानंतर बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक लस, अशी प्रत्येक नोंद पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्यासह असावी. पावसाळ्यात गोचीड वाढतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून गोचीडनाशक औषधाच्या तारखाही त्या फाइलमध्ये लिहाव्यात.

जातीची निवड करताना शहरी सल्ला जसाच्या तसा मानू नये, असे माझे ठाम मत आहे. लॅब्रॅडोर शिकायला उत्तम. पण मे महिन्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दाट केसांच्या जनावराला दुपारी डांबरी रस्त्यावर चालवणे ही क्रूरता ठरते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यालाही त्यावर नेऊ नये. सराव पहाटे करावा आणि तो गावातच करावा, कारण शहरातल्या पदपथावर शिकलेल्या कुत्र्याला आपल्या वावराचा धुरा, पांदण रस्त्यावरचा चिखल, कठडा नसलेली विहीर किंवा अंगावर येणारी गावठी कुत्री ठाऊक नसतात. विहिरीपासून चार हात अलीकडे थांबून तो मालकाच्या पायात आडवा उभा राहतो का, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण झाले असे लेखी देऊ नये.

प्रशिक्षणाला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात. संस्थेशी करार करताना मालक आणि कुत्रा यांचा एकत्र सराव किती दिवस होईल, पुढे अडचण आल्यास प्रशिक्षक गावात येईल का आणि कुत्रा म्हातारपणी थकल्यावर त्याची सोय कोण करील, ही तीन कलमे लेखी घ्यावीत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. त्यातून मदत मागायची असल्यास यूडीआयडीची प्रत आणि खर्चाचा अंदाज जोडून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या नावे अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि मंजुरी हाती येईपर्यंत संस्थेला आगाऊ रक्कम देऊ नये.