रँडम निवड आणि रँडम वाटप: एकीचं काम दुसरीला सांगू नका

प्रकल्प-अहवाल जमा व्हायचे दिवस आले की 'संशोधन पद्धती' या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: 'प्रयुक्तांची निवड रँडम पद्धतीने केल्यामुळे या अभ्यासातून कार्यकारणसंबंध सिद्ध होतो.' (प्रयुक्त म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास होतो ते.) या वाक्याच्या दोन तुकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उलट बाजूची चूकही तितकीच बोकाळलेली आहे. प्रयोग नीट रचलेला असतो, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले असतात, आणि तोंडी परीक्षेत विचारणा होते, 'सगळे प्रयुक्त तुमच्याच कॉलेजचे? मग नमुना रँडम नाही, प्रयोग बाद!' बादबिद काही होत नाही.

या दोन वेगळ्या कृती आहेत. रँडम निवड, म्हणजे रँडम सॅम्पलिंग: मोठ्या समूहातून अभ्यासात कोणाला घ्यायचं हे चिठ्ठीवर सोडणं. रँडम वाटप, म्हणजे रँडम असाइनमेंट: अभ्यासात आलेल्यांपैकी कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीवर सोडणं. पहिलीमुळे हाती आलेला आकडा मूळ समूहाला लावता येतो. दुसरीमुळे 'अमुक केल्यामुळे तमुक झालं' असं म्हणता येतं.

निवडीवर फार शाई घालवत नाही. निवडणुकांच्या चाचण्या पाहून पाहून ती सगळ्यांना कळते. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत पातेल्यातल्या कुठल्याही थरातून येऊ शकलं पाहिजे. वरचं शीत चेपून बुडाला लागलेला भात कळत नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून उचललेले, त्यातही उत्तर धाडायची तसदी घेणारे लोक वेगळ्याच मताचे. नमुन्याचा अवाढव्य आकार काही कामाला आला नाही. स्तरित, क्रमबद्ध, समूह वगैरे निवडीचे प्रकार परीक्षेपुरते पाठ करा, तिथे कोणी अडखळत नाही. एकच गोष्ट माझ्या डोक्यात जाते: कॉलेजच्या गेटपाशी जो दिसेल त्याच्या हातात प्रश्नावली कोंबायची आणि अहवालात 'रँडम' लिहायचं. हातात मूळ यादी नसेल, यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी नसेल, तर ती निवड रँडम नव्हे. तो सोयीचा नमुना. तसं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

खरी गाडी अडते ती वाटपापाशी. स्मृतीवरचा एक प्रयोग घेऊ, कारण तो अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटापाण्याचा आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १८० विद्यार्थी होते, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे त्यांनी स्वतः ठरवलेलं नव्हतं. एका गटाने एक उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्याने तीन सत्रं वाचून एकदा आठवून लिहिला. तिसऱ्याने फक्त एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं, समोर उतारा न ठेवता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर नुसतं वाचणारे पुढे: ८३ टक्के, आणि तीनदा आठवून लिहिणारे ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि तीनदा आठवून लिहिणारे ६१ वर राहिले.

आता हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवून पाहा. समजा, राज्यातल्या सगळ्या पदवीच्या विद्यार्थ्यांची यादी हाती आली. त्यातून काटेकोरपणे चिठ्ठ्या काढून पाच हजार जण निवडले आणि त्यांना विचारलं, 'तुम्ही पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेता का?' मग त्यांचे गुण पाहिले. घेणाऱ्यांचे गुण जास्त निघाले. नमुना इतका चोख की कोणी बोट ठेवू नये. तरीही 'स्वतःची परीक्षा घेतल्याने गुण वाढतात' हे त्यातून निघत नाही. जी मुलं मुळात शिस्तीची आहेत, ज्यांना घरी वेळ आणि जागा मिळते, ज्यांना विषय आवडतो, तीच कदाचित पुस्तक मिटून आठवत बसत असतील. गुण कशामुळे वाढले? शिस्तीमुळे, वेळेमुळे की आठवण्यामुळे? पाच हजारांच्या जागी पन्नास हजार घ्या, हा गुंता तसाच राहील, कारण कोणी कोणत्या गटात बसायचं हे त्या मुलांनी स्वतः ठरवलेलं आहे. मोठा आणि उत्तम नमुना हा गुंता फक्त जास्त अचूकपणे मोजून देतो.

वाटप नेमकं हेच ठरवणं प्रयुक्ताच्या हातून काढून घेतं आणि संशोधकाच्याही हातून काढून घेतं. चिठ्ठीला कोण शिस्तीचा, कोण आळशी, कोणाची झोप झालेली नाही, यातलं काहीच माहीत नसतं. त्यामुळे या सगळ्या गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या पसरतात. इथली खरी कमाल म्हणजे ज्या गोष्टी तुमच्या ध्यानीमनी नाहीत त्याही पसरतात. गटांचं वय जुळवलं, बुद्ध्यांक जुळवला, आर्थिक स्तर जुळवला, असं अभिमानाने सांगणारे भेटतात. उत्तम. पण जुळवाजुळव फक्त तुम्हाला सुचलेल्या गोष्टींची होते. चिठ्ठी न सुचलेल्यांचीही करते. म्हणून मला कोणी चार चलांवर, म्हणजे वय-बुद्ध्यांकासारख्या माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टींवर, जुळवलेले गट आणि साध्या नाणेफेकीने पाडलेले गट यांतून एक उचलायला सांगितलं, तर मी नाणं उचलीन.

वाटप चुकलं की काय होतं, याचं माझं लाडकं उदाहरण माकडांचं आहे. १९५८ साली जोसेफ ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या जोड्या शेजारी शेजारी बसवून दोघांनाही विजेचे झटके दिले. जोडीतल्या एकाच्या हाताशी कळ होती. ती वेळेत दाबली की झटका दोघांचाही टळायचा. त्याला नाव दिलं 'एक्झिक्युटिव्ह' माकड. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. झटके दोघांना सारखेच, फरक फक्त जबाबदारीचा. अल्सर झाले ते एक्झिक्युटिव्ह माकडांना. निष्कर्ष लोकांना तत्काळ पटला: अधिकाराच्या खुर्चीवरचा ताण पोट पोखरतो. साहेब लोकांना तर तो फारच आवडला असणार.

आता मेख पाहा. एक्झिक्युटिव्ह कोण व्हायचं हे चिठ्ठीने ठरलं नव्हतं. आधीच्या चाचणीत जी माकडं जास्त झपाट्याने कळ दाबत होती त्यांनाच ती जागा दिली गेली, म्हणजे मुळातच जास्त भडकून प्रतिक्रिया देणारी माकडं सगळी एका बाजूला गेली. पुढे मानसशास्त्रज्ञ जे वाइस (Jay Weiss) यांनी उंदरांवर तसाच प्रयोग केला, पण कोणाला कळ मिळणार हे रँडम वाटपाने ठरवलं. निकाल उलटा लागला. ज्यांच्या हाती नियंत्रण होतं त्यांना अल्सर कमी, आणि हात बांधून झटके सोसणाऱ्यांना जास्त. ब्रॅडींच्या प्रयोगात माकडांच्या जोड्या अवघ्या चार होत्या, ही कुरकुर सगळे करतात. तीही रास्त आहे. पण संख्येने निकाल डळमळीत झाला असता. बाजू बदलली ती वाटपामुळे.

चांगुलपणानेही वाटप बिघडतं. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरमध्ये सुमारे वीस हजार शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला: निम्म्यांना रोज दूध, निम्म्यांना नाही. गट पाडल्यावर कुठल्या बाजूला धष्टपुष्ट किंवा किडकिडीत मुलं जास्त वाटली तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. सांख्यिकीतज्ज्ञ गॉसेट यांनी, म्हणजे टी-चाचणीवाल्या 'स्टुडंट' यांनी, १९३१ साली यावर बोट ठेवलं. प्रयोग सुरू होतानाच दूध न मिळणारी मुलं सरासरीने जास्त उंच आणि वजनदार होती. अशक्त मुलांकडे दूध जावं असं शिक्षकांना नकळत वाटलं असणार, हा त्यांचा अंदाज. वीस हजार मुलं मोजली, पण दुधाने किती फरक पडला हे धड सांगता येईना. हजेरीपटावरचे सम आकडे इकडे, विषम तिकडे, अशी वाटणी करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. पुढचं मूल कुठे जाणार हे आधीच दिसत असेल तर कोणीतरी प्रेमाने ढवळाढवळ करतोच.

इथे एक खुलासा. रँडम वाटपाने गट तंतोतंत सारखे होतात असं नाही. दहा-दहाच्या गटांत चार हुशार मुलं योगायोगाने एकाच बाजूला जाऊ शकतात. पण मग उरतो तो निव्वळ योगायोग, आणि त्याचा हिशेब सार्थकता-चाचणीने, म्हणजे दिसलेला फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो का हे तपासणाऱ्या गणिताने, करता येतो. शिक्षकांच्या मायेचा हिशेब कुठल्याच कोष्टकात नाही.

आता 'सगळे एकाच कॉलेजचे' या आक्षेपाकडे. आक्षेप खरा आहे, पण चुकीच्या दारावर थाप मारतो. रोडिगर-कार्पिक यांचे विद्यार्थी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातले, मूळ समूहातून चिठ्ठ्या काढून निवडलेले नव्हते. म्हणून त्या गटात आठवून लिहिल्यामुळे स्मृती टिकली हा निष्कर्ष लटका पडत नाही. एवढंच होतं की तो नगरच्या सातवीतल्या मुलाला लागू पडेल का, याचं उत्तर त्या प्रयोगात नाही. ते उत्तर दुसऱ्या लोकांवर प्रयोग पुन्हा करून मिळवायचं. कधीकधी ते उत्तर 'नाही' असतं. म्युलर-लायर भ्रमात रेषेच्या टोकांवरच्या बाणांच्या दिशेमुळे सारख्याच रेषा लहानमोठ्या दिसतात. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी १९६६ साली वेगवेगळ्या समाजांत तो तपासला तेव्हा त्याची तीव्रता सगळीकडे सारखी भरली नाही; अमेरिकन विद्यार्थी सर्वांत जास्त फसले, आणि आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांवर त्याचा परिणाम जेमतेम होता. तेव्हा नमुन्याची चिंता जरूर करा, पण 'कुणाला लागू?' या प्रश्नापुरती.

दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या कामात पाहायच्या असतील तर शिक्षणात काम करणारी 'प्रथम' ही स्वयंसेवी संस्था आहे. २००५ पासून ती 'असर' पाहणी करते: ग्रामीण जिल्ह्यांतून रँडम निवडलेली गावं, गावांतून घरं, आणि घरातल्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देणं. यातून किती मुलांना वाचता येत नाही ते कळतं. का येत नाही, हे कळत नाही, आणि कळेल असा पाहणीचा दावाही नाही. याच संस्थेचा 'बालसखी' उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत होता. मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन वस्तीतलीच एखादी तरुणी पायाभूत गोष्टी शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो तपासला तेव्हा वडोदऱ्यात कोणत्या शाळेत बालसखी तिसरीला आणि कोणत्या शाळेत चौथीला मिळणार हे चिठ्ठीने ठरलं; म्हणजे एका गटातली तिसरी दुसऱ्या गटातल्या तिसरीसाठी तुलनेला उभी. गुण वाढले आणि ते बालसखीमुळेच वाढले असं म्हणता आलं. त्या शाळा भारतातल्या सगळ्या शाळांचा नमुना होत्या का? नव्हत्या. 'असर'मधून कारण काढू नका आणि बालसखीमधून देशाची टक्केवारी काढू नका.

शेवटी ज्या अहवालांना मी सर्वांत जास्त लाल शाई लावते ते: 'स्त्री आणि पुरुष विद्यार्थ्यांच्या चिंतापातळीचा प्रायोगिक अभ्यास'. चिठ्ठी काढून कोणाला स्त्री करता येत नाही. धूम्रपान करणारे-न करणारे, शहरी-ग्रामीण, मराठी माध्यम-इंग्रजी माध्यम, यांतही प्रयुक्त आपापल्या गटातूनच तुमच्याकडे येतात. असा अभ्यास जरूर करा, नमुना रँडम असेल तर तो चांगलाही होईल, पण शीर्षकात 'तुलनात्मक' लिहा, लिंगाला 'स्वतंत्र चल' (ज्याचा परिणाम तपासायचा ती गोष्ट) म्हणताना त्यात तुम्ही काही फेरफार केलेला नाही हे नमूद करा, आणि निष्कर्षात 'मुळे' हा प्रत्यय दिसला तर तो खोडा.