दवण्याची नातलग आणि समुद्रतळाचे डोंगर

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला पुएन्ते आणि चिनो हिल्स ही बुटक्या डोंगरांची रांग आहे. ऑगस्टमध्ये तिथे करड्या काटक्यांची खुरटी झुडपंच दिसतात. त्यातलं पान चुरगळून नाकाशी धरलं, की उग्र सुगंध बोटांना चिकटून राहतो. ही आर्टिमिसिया कॅलिफोर्निका, जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच प्रजातीतली. शेजारी उगवणारा सेज तर तुळशीच्या कुळातला.

झुडूप मेलेलं नसतं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. तेव्हा ते मोठी, मऊ पानं धरतं आणि उन्हाळ्यात ती गाळून बारीक पानांवर तग धरतं. आपल्याकडचा साग पानं टाकतो, तसंच. पण माळरानाला आपण 'पडीक' म्हणून मोकळे होतो, तसंच तिथेही झालं आणि टेकड्यांवर घरं चढली.

हे डोंगर सुमारे 1 कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राचा तळ होते. इथल्या शेल खडकाचे, म्हणजे थरांनी दाबल्या गेलेल्या चिखलाचे, पापुद्रे सुटतात आणि कधी त्यांत माशांचे खवले सापडतात. व्हिटियर भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, भागात दाब पडून हा गाळ वर उचलला गेला. तो दाब अजून आहे: 29 जुलै 2008 रोजी इथे 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला. उत्तरेच्या सावलीतल्या उतारांवर मातीत ओल टिकते, तिथे काळ्या अक्रोडाची आणि ओकची राई. दक्षिणेच्या तापत्या उतारांवर सेज.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या वणव्यात चिनो हिल्स उद्यानाचा बहुतेक भाग जळाला. अक्रोड बुंध्यापासून पुन्हा फुटतो, सेजच्या झुडपांना मात्र बरंचसं बियांवर विसंबावं लागतं आणि त्याला वर्षं लागतात. तेवढ्यात पुन्हा आग लागली तर भूमध्य प्रदेशातून आलेलं गवत जागा बळकावतं. शहराच्या धुरातला नायट्रोजन त्याला खतासारखा लागू पडतो. वाळलं की तेच आधी पेटतं. मग पुन्हा गवतच.

यात हाल होतात ते नॅटकॅचर या जेमतेम 6 ग्रॅमच्या करड्या पक्ष्याचे. मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढणारा हा पक्षी याच झुडपांत घरटं बांधतो. 1993 मध्ये तो संकटग्रस्त ठरला.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडावी अशी घडली. रेडिओ पट्टा लावलेला एक तरुण प्यूमा (अमेरिकेतला मोठा रानमांजर-कुळातला प्राणी) कोल कॅन्यन या दरीपाशी 91 क्रमांकाच्या महामार्गाखालून ये-जा करतो, हे 1990च्या दशकात कळलं. तिथे घरं होणार होती. ती जमीन विकत घेऊन राखली गेली, महामार्गाला जोडणारे रस्ते बंद झाले आणि पुलाखालचं डांबरही उखडून काढलं.