याचि देही, याचि डोळा

१४ नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर मुरली विजय बाद झाला आणि भारताची विकेट पडल्याचा जल्लोष भारतीय प्रेक्षकांनीच केला. विजयवर कुणाचा राग नव्हता. पुढचा फलंदाज सचिन तेंडुलकर होता आणि ही त्याची २००वी, शेवटची कसोटी होती.

टीव्हीवर चेंडू जास्त स्पष्ट दिसतो, रिप्ले मिळतो, ऊन लागत नाही. तरी अशा सामन्याच्या तिकिटासाठी माणसं जिवाचं रान करतात. या ओढीला आपल्याकडे जुना शब्दप्रयोग आहे: याचि देही, याचि डोळा. त्यात देह आधी येतो, डोळा नंतर. मेंदूविषयीचं संशोधन वाचताना मला हा क्रम सारखा आठवतो.

इटलीतल्या पार्मा विद्यापीठात ज्याकोमो रिझोलाटी आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत काही विलक्षण पेशी सापडल्या. माकडाने स्वतः खाऊ उचलला की त्या चेतायच्या आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरीही चेतायच्या. या 'आरसा-पेशीं'वर पुढे माणसाच्या सहानुभूतीपासून भाषेपर्यंत सगळ्याचा भार टाकला गेला. तेवढा त्या पेलत नाहीत. पण २००५ साली लंडनमध्ये झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. बॅले नर्तकांना आणि ब्राझीलची कापोएरा (नाचासारखी युद्धकला) खेळणाऱ्यांना दोन्ही प्रकारांच्या चित्रफिती दाखवल्या. आपल्या अंगात मुरलेल्या हालचाली पाहताना प्रत्येकाच्या मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाले.

रोममधल्या २००८च्या प्रयोगात बास्केटबॉलच्या फ्री थ्रोची चित्रफीत मध्येच थांबवून विचारलं, बास्केट होणार का? चेंडू हातातून सुटण्याआधीच खेळाडूंचे अंदाज बरोबर येऊ लागले. वर्षानुवर्षं हाच खेळ बघणारे प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकार मागे पडले. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, एके काळी लाल मातीत घुमलेला म्हातारा डाव पडण्याआधीच खांदा का उडवतो, ते यावरून समजतं. गल्लीत टेनिस बॉलने खेळलेला माणूसही स्ट्रेट ड्राइव्ह थोडासा मनगटानेच बघतो.

मग अपेक्षेचा भाग येतो. लांब उडीत १९३५ साली जेसी ओवेन्सने ८.१३ मीटर गाठले. पुढच्या ३२ वर्षांत विक्रम ८.३५वर पोचला, म्हणजे जेमतेम २२ सेंटिमीटर पुढे. १८ ऑक्टोबर १९६८ला मेक्सिको सिटीत बॉब बीमनने एकाच उडीत त्यात ५५ सेंटिमीटरची भर घातली: ८.९० मीटर! उंचावरच्या विरळ हवेची मदत होती, पाठीमागून वाराही होता. पण तो फायदा तिथल्या इतरांनाही होताच. मोजणीचं यंत्र तेवढ्या लांब पोचेना; शेवटी पोलादी टेप आणावी लागली. आकडा उमगल्यावर बीमनच्याच पायांतलं बळ गेलं, तो खाली कोसळला.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की अनपेक्षितपणे फळाचा रस प्यायला मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळतात. तोच रस अपेक्षेप्रमाणे मिळाला, तर त्या शांत राहतात. मला वाटतं, हायलाइट्स फिके लागतात ते यामुळेच. निकाल आधीच कळलेला असतो. आणि ज्याला ८.३५ ठाऊक नाही, त्याला बीमन म्हणजे वाळूत पडलेला एक माणूस. थक्क व्हायलाही तयारी लागते, आणि चाहता ती तयारी वर्षानुवर्षं करत असतो.

स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात माणसं निखाऱ्यांवरून चालतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. नुसत्या उभ्या असलेल्या नातलगांचे आणि मित्रांचे ठोके चालणाऱ्याच्या ठोक्यांसारखे चढले-उतरले. परक्या प्रेक्षकांचे नाही.

वानखेडेवरच्या प्रेक्षकांनी सचिनबरोबर २४ वर्षं काढली होती. दुसऱ्या दिवशी ७४ धावांवर डॅरेन सॅमीने त्याचा झेल घेतला, तेव्हा क्षणभर सारं मैदान मुकं झालं आणि मग सगळे उभे राहिले. आदल्या दिवशी मोठ्या पडद्यावर रजनी तेंडुलकरांचा चेहरा दिसला होता. हा सामना मुंबईत व्हावा अशी विनंती सचिनने केली होती ती त्यांच्यासाठीच. मैदानात बसून त्यांनी आपल्या मुलाचा खेळ तोवर एकदाही पाहिला नव्हता.