करवंटीतले पाणी खाली का उतरत नाही?

भातकापणी आटोपली की गोव्यात भाजीची रोपे करायची घाई सुरू होते. हरमलची मिरची, आगशीची वांगी, टोमॅटो. करवंटीत, कागदी कपात किंवा प्रोट्रेत (लहान कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेत) बी रुजते, दोन पाने वर येतात आणि एका सकाळी रोपे बुडाशी मऊ पडून आडवी झालेली दिसतात. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘तळाला चिऱ्याचे खडे घाल, पाण्याचा निचरा होईल’. सल्ला जुना आहे, प्रेमाने दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. खड्यांनी निचरा सुधारत नाही. लहान भांड्यात तर तो बिघडतो.

कारण आहे केशाकर्षण. बारीक काचनळीत पाणी आपोआप चढते हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेले असते. पाण्याचे रेणू काचेला चिकटतात, एकमेकांनाही धरून ठेवतात, आणि पृष्ठताणामुळे नळीतले पाणी वर ओढले जाते. नळीची त्रिज्या निम्मी केली की उंची दुप्पट होते. जेम्स जुरिन या इंग्रज वैद्याने १७१८ साली हा नियम मांडला. पाणी आणि स्वच्छ काच यांच्यासाठी हिशेब तोंडी करता येतो. १५ ला त्रिज्येने भागायचे, दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये. अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत आणि माती यांच्या मिश्रणात कणांमधल्या पोकळ्या म्हणजे अशाच वाकड्यातिकड्या नळ्या. वरून घातलेले पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येते, जास्तीचे भोकातून गळते आणि मग गळणे थांबते. तेव्हा आपण समजतो की निचरा झाला. प्रत्यक्षात तळाशी एक थर पाण्याने काठोकाठ भरलेला राहतो, कारण तेवढ्या उंचीचे पाणी केशाकर्षण सहज पेलू शकते. या थराची उंची मिश्रणातल्या पोकळ्या ठरवतात. भांडे किती उंच आहे, भोके किती आहेत, याने ती बदलत नाही.

लहान भांड्याची अडचण इथेच आहे. समजा हा थर ३ सेंटिमीटरचा आहे. २० सेंटिमीटर उंच कुंडीत त्याच्यावर १७ सेंटिमीटर हवेशीर माती उरते. ४ सेंटिमीटर खोल कप्प्यात उरते फक्त १ सेंटिमीटर. माती तीच, पाणी तेच, पण एका ठिकाणी मूळ श्वास घेते आणि दुसऱ्या ठिकाणी बुडते. खात्री करायची तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंजातली भोके बदलली नाहीत, बदलली ती उंची.

आता खडे. केशनळीतल्या पाण्याचा पृष्ठभाग अंतर्गोल असतो, म्हणून त्याखालच्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. अर्धा मिलिमीटर त्रिज्येला हा फरक सुमारे २९० पास्कल. खड्यांमधल्या फटी त्याच्या कित्येक पट मोठ्या, त्यामुळे त्यांची ओढ नगण्य. बारीक पोकळीतले पाणी मोठ्या फटीत उतरायला सीमेवरचा दाब हवेच्या दाबापर्यंत चढावा लागतो, म्हणजेच वरची माती आधी पाण्याने भरावी लागते. परिणामी पाण्याचा थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो. ५ सेंटिमीटर खोल करवंटीत २ सेंटिमीटर खडे घातले, तर उरलेली ३ सेंटिमीटर माती सगळीच चिंब. त्यापेक्षा भोकातून काथ्याची ओली दोरी खाली लोंबती सोडली तर पाण्याचा स्तंभ लांबतो आणि जादा पाणी तिच्यावाटे खरोखर उतरते.

पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. गुदमरलेले मूळ पाणी शोषायचे कमी करते, मग पाने मरगळतात, आणि आपण तहान लागली समजून आणखी पाणी घालतो. त्यातच पिथियम हा सूक्ष्मजीव येतो. रोपे आडवी पाडणाऱ्या रोगाचे हे एक मोठे कारण. याला बुरशी म्हणतात, पण वंशाने तो तपकिरी समुद्रशेवाळाला जवळचा आणि कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सुपारीला कोळेरोग आणणाऱ्या फायटोफ्थोराचा भाऊबंद. त्याच्या बीजुकांना शेपट्या असतात आणि ती पोहत मुळाकडे जातात. पोहायला पाणी आपणच पुरवतो.

नळाला चुंबक बांधून पाणी ‘ऊर्जित’ करून देणारेही हल्ली भेटतात. पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कमी वेळात तुटून नव्याने जुळतात. चुंबकाने दिलेली कसलीही रचना झारीपर्यंत टिकत नाही. या चुंबकांवर पैसे घालवू नका.

बी रुजेपर्यंत वरचा पापुद्रा ओला हवा, तेव्हा बारीक फवारा पुरतो. रोप वर आले की पाणी खालून द्यावे. पसरट ताटात बोटाच्या पेराएवढे पाणी घालून त्यात ट्रे ठेवायचा, वरची माती गडद झाली की उचलून पूर्ण निथळू द्यायचा. पुन्हा पाणी कधी द्यायचे ते ट्रे उचलून वजनावरून ओळखावे, घड्याळावरून नव्हे. आपल्या दमट किनारी हवेत पानांतून बाष्प हळू जाते, म्हणून घाटमाथ्यावरचे वेळापत्रक इथे चालत नाही. मात्र सतत खालूनच पाणी दिले तर क्षार वर चढून पृष्ठभागावर साचतात, आणि नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये ते मुळातच भरपूर असतात. अधूनमधून एकदा वरून, भोकातून वाहून जाईल इतके पाणी द्यावे. ते सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत देठ कोरडे होतात.