ड्राय नीडलिंग आणि ॲक्युपंक्चर: सुई तीच, शोध वेगळा

ठाण्याहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या, गर्दीत उभ्याउभ्या मान खाली घालून मोबाइल पाहणाऱ्या आणि पुढे दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाची मान आखडली, की हल्ली त्याला सुया टोचून घेण्याचा सल्लाही मिळतो. मात्र नौपाड्यातील फिजिओथेरपिस्ट ज्याला ड्राय नीडलिंग म्हणतो, त्यालाच घरी आल्यावर आपण सर्रास ॲक्युपंक्चर म्हणतो. सुई दोन्हीकडे तीच असते, बारीक आणि भरीव. औषध न सोडता नुसतीच टोचायची म्हणून ती ‘ड्राय’, म्हणजे कोरडी.

ॲक्युपंक्चर ही दोन हजारांहून अधिक वर्षांची चिनी परंपरा आहे. (सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेल्या पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी पुढे ती भारतात रुजवली.) ‘ची’ ही जीवनशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, असे ती मानते, त्यामुळे दुखते मान आणि सुई टोचली जाते हाताच्या पंजाला, असेही घडते.

ड्राय नीडलिंगला या वाहिन्यांशी कर्तव्य नाही. अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी मांडलेल्या ट्रिगर पॉइंटच्या, म्हणजे स्नायूतील दाबल्यावर दुखणाऱ्या ताठर जागेच्या, कल्पनेवर ते उभे आहे, आणि चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये दाखवले, की अशा जागी इंजेक्शन दिल्यावर आराम पडण्यात औषधाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा सुईचाच असू शकतो. थेरपिस्ट मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूतील ताठरलेला पट्टा बोटांनी चाचपतो आणि दाबल्यावर जिथून कळ कधीकधी थेट कानशिलापर्यंत जाते, तिथेच सुई घालतो. स्नायू क्षणभर फडफडतो. ते अपेक्षितच असते. पुढे एक-दोन दिवस ती जागा ठणकते.

अभ्यासांत ड्राय नीडलिंगने मानदुखीला अल्पकाळ आराम पडल्याचे दिसते, दीर्घकाळाचा पुरावा मात्र कच्चा आहे. म्हणून व्यायाम टाळण्यासाठी सुई घेणे मला तरी पटत नाही. हातात मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तसे आधीच सांगावे. फुप्फुसाचे टोक गळ्याच्या हाडाच्याही वर येत असल्याने खांद्यात खोल गेलेली सुई क्वचित त्याला भोक पाडू शकते. उपचारानंतर धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर ‘सुईचेच दुखत असेल’ म्हणून घरी न थांबता तडक रुग्णालय गाठावे.